हाक मारणारे कोणी

जुलैमधील एका संध्याकाळी कोथरूडमधील एका जिमच्या काउंटरपाशी उभी राहून मी सभासदत्वाचा अर्ज भरत होते. छत्रीतून ठिबकणारे पाणी पांढऱ्या फरशीवर साचत होते आणि त्यावरून कोणी घसरेल की काय, या काळजीने माझे अर्धे लक्ष तिकडेच होते. नाव, पत्ता, रक्तगट, तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे, हे सारे लिहून झाल्यावर ‘उद्देश’ असा एक रकाना आला. त्यात चार चौकोन होते : वजन कमी करणे, स्नायू वाढवणे, ताकद, सर्वसाधारण आरोग्य. पहिल्या चौकोनात मी लगेच खूण केली. अडखळले ते त्याच्या खालच्या ओळीपाशी. एका महिन्याचे ३,२०० रुपये, तीन महिन्यांचे ७,५००, वर्षाचे १८,०००. काउंटरवरचा मुलगा फोनवर बोलत होता. त्याच्या शेजारी एक ट्रेनर मुलगी उभी होती, वय पंचविशीच्या आतबाहेर, केस घट्ट बांधलेले, मनगटावर पांढरी चिकटपट्टी. तिने माझ्या अर्जाकडे एकदा पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅम, नुसत्या वजनासाठी असेल तर वर्षाचे पैसे आत्ताच भरू नका. आधी दीड महिना तेवढा तास घरी रिकामा करून बघा. होतोय का ते बघा.” इतके बोलून ती आत निघून गेली. आतून गाण्याचा दणका आणि जमिनीवर लोखंड टेकल्याचा आवाज येत होता.

मी अर्जाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला आणि पावसात बाहेर पडले.

त्यानंतर कित्येक दिवस ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. जिचा पगार याच पैशांतून निघतो, तिने असे का सांगावे? कधी वाटे, ती मुलगी प्रामाणिक आहे आणि तिला माझे भले हवे आहे. कधी वाटे, माझा बांधा, माझे वय, खांद्यावरची ऑफिसची पर्स पाहून तिने ओळखले असेल की ही बाई पंधरा दिवसांत यायची थांबेल. या दुसऱ्या विचाराने मी दुखावले जात असे, आणि दुखावले जाण्याचे खरे कारण असे होते की, तो विचार खोटा आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

जिमपर्यंत मला नेले होते ते रक्ततपासणीच्या अहवालाने. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातील साखरेचा सरासरी अंदाज, ६.१. साडेसहाला मधुमेह म्हणतात, ५.७ च्या खाली असले तर निश्चिंत. मी मधल्या पट्ट्यात होते. डॉक्टर म्हणाले, “सध्या गोळी नको. पाच किलो कमी करा, मग पुन्हा बघू.” माझे वजन ७१ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. पाच किलो हा आकडा त्यांनी सहज उच्चारला असला तरी तो सहज आलेला नव्हता, हे मला नंतर वाचताना कळले. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, माझ्यासारख्याच उंबरठ्यावर असलेल्या लोकांच्या एका गटाला किमान सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. औषध नसलेली, नुसतीच नावापुरती गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ७१ चे सात टक्के म्हणजे पाचच किलो. त्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट तेव्हा मी वाचून पुढे गेले, तिचे महत्त्व मला फार उशिरा कळले. तिच्याकडे मी येईनच.

व्यायामाची जागा म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे आरसे येत नाहीत, माती येते. माझे बालपण कोल्हापूरचे, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते. आज त्यांतील कितीतरी तालमी फुटबॉलच्या संघांसाठी ओळखल्या जातात, पण मी सांगते आहे ते १९८४-८५ च्या सुमाराचे, आणि आमच्या त्या तालमीत तेव्हा पहाटे चारला शड्डू घुमत असे. माझे वडील, आबा, तिथे जात. कुस्त्यांच्या मैदानात त्यांचे नाव फार मोठे झाले नाही, खासबागेत ते लढले ते सुरुवातीच्या, छोट्या जोडींत. पण तालीम त्यांनी चुकवली नाही. सकाळी साडेसहाला त्यांची थंडाई घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे होते. आई पाट्यावर बदाम आणि खसखस वाटून दुधात कालवायची, वर ओला कपडा बांधलेला तो पितळी तांब्या दोन्ही हातांत धरून मी हळूहळू चालत जायची. तालमीच्या दारातून आधी वास यायचा. ताक, लिंबू, हळद, तेल आणि काव घालून मळलेल्या लाल मातीचा, घामाचा, आणि मारुतीपुढच्या उदबत्तीचा, असा तो मिसळलेला वास होता, आंबटसर आणि गार. आतल्या अंधारात हलणारी अंगे दिसायची, मोजण्याचा आवाज यायचा, आणि मी उंबरठ्याच्या बाहेर थांबायची. मुलींनी आत पाऊल टाकायचे नाही, एवढे मला कोणी न सांगताच माहीत होते. कोणीतरी येऊन तांब्या घ्यायचे आणि रिकामा होईपर्यंत मी तिथे उभी राहायची. त्या काही मिनिटांत आत काय काय होते ते मी डोळे ताणून पाहायची : भिंतीला टेकवलेली मुद्गले, छताला बांधलेला दोर, हौद्याच्या कडेला बसून अंगावर माती ओतून घेणारी पोरे. मला आत जायचे होते, असे मी कधी म्हटले नाही. पण मला आत जायचे होते.

त्या तालमीत फी नव्हती. वर्गणी असे, ती कुस्त्यांच्या किंवा गणपतीच्या वेळी. मात्र एखादा पोरगा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी वस्ताद त्याच्या दारात उभे राहत आणि गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारत, “काय रं, काल कुठं हुतास?” त्या हाकेत राग नसे, धाकही फारसा नसे, आपण नव्हतो हे कोणाच्या तरी लक्षात आले आहे, एवढाच तिचा अर्थ असे. पण ताप असलेला पोरगासुद्धा त्या हाकेला उठून बसत असे.

१९८६ मध्ये आबांचा गुडघा दुखावला आणि तालीम सुटली. गुळाच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते. आता दिवसभर गादीवर बैठक, पुढ्यात वही. तालीम सुटली, पण खुराक सुटला नाही. पैलवानांच्या घरांत हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही ते घडत राहते. दोन लिटर दूध, भाकरीवर वितळणारे तूप, रविवारी अळणी रस्सा आणि मटण, यांतले काही कमी करणे म्हणजे आबांचा मान कमी करणे, असे आईला वाटत होते, आणि तिला तसे वाटणे मला आजही समजते. ज्या माणसासाठी आपण पंधरा वर्षे पहाटे पाट्यावर बसलो, त्याच्या ताटातले तूप आपण कोणत्या हाताने काढायचे? दहा वर्षांत आबांचे वजन शंभराच्या वर गेले आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. आज ते पंचाहत्तर वर्षांचे आहेत, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. व्यायाम आणि ताट या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे मी कोणत्याही आहारतज्ज्ञाकडून शिकलेले नाही. ते मी आमच्या घरात, आमच्या स्वयंपाकघरात घडताना पाहिले आहे.

जिमची पायरी मी पूर्वीही एकदा चढले होते, आणि ट्रेनर मुलीच्या त्या वाक्याने मला नेमके तेच आठवून दिले होते. २०१६ मध्ये ऑफिसजवळच्या एका जिममध्ये मी वर्षाचे १२,००० रुपये एकरकमी भरले होते. माझ्या छोट्या डायऱ्या मी टाकून देत नाही. त्या वर्षीची डायरी ट्रंकेतून काढली. ज्या दिवशी व्यायाम झाला त्या तारखेखाली ‘व्या.’ असे लिहायची तेव्हा सवय होती. मोजले. जानेवारीत २४, फेब्रुवारीत ११, मार्चमध्ये ४, मग एकदम जूनमध्ये २. एकूण ४१. एका दिवसाला २९३ रुपये पडले. त्या पानांवर इतरही नोंदी होत्या आणि त्या वाचल्यावर मला स्वतःची दया आली असे नाही, पण माझ्याकडे पाहण्याची नजर थोडी बदलली. मार्च म्हणजे बँकेत वर्षअखेर. रात्री साडेनऊ-दहाला घरी येत होते. त्याच महिन्यात मुलाची दहावीची परीक्षा होती. एप्रिलमध्ये सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. मी आळशी म्हणून जिम सुटली, असे मी नऊ वर्षे समजत आले होते. पण माझ्या आयुष्यात जो तास नव्हताच, तो मी जानेवारीत विकत घेऊ पाहिला होता.

असे करणारी मी एकटी नाही, हेही कळले. स्टेफानो डेला विन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांतील ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या हजेरीचा अभ्यास करून २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठरावीक रक्कम भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. दर खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला तर एका खेपेला १० डॉलरच पडले असते. माझी सरासरी महिन्याला साडेतीनच्याही खाली होती. मी पुन्हा चौकशीला गेले तेव्हा त्या ट्रेनर मुलीला सहज विचारले, तुमच्याकडे सभासद किती? ती म्हणाली, “सहाशेच्या वर. पण एका वेळी चाळीस जण आले तरी जागा पुरत नाही.” तिने आकडे सांगितले, त्यावर काही भाष्य केले नाही. मला मात्र वाटले की, जिथे सगळ्यांनी रोज यावे अशी व्यवस्थाच नाही, तिथे कोणी न आल्यास हाक कोण मारणार?

मग मी हिशेबाला बसले. बँकेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला तोच मार्ग परिचित असतो. माझ्या वजनाच्या बाईने तासभर झपझप चालले तर, बसून राहिल्यास जे उष्मांक खर्च झाले असते ते वजा करून, दोनशे ते सव्वादोनशे उष्मांक जास्त खर्च होतात. जिममधील तासात मधली विश्रांती आणि यंत्र मोकळे होण्याची वाट पाहणे धरले तर आकडा फारसा वेगळा येत नाही. आठवड्यातून तीन दिवस, तीन महिने, एकही दिवस न चुकवता गेले तर साधारण साडेसात हजार उष्मांक. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक. म्हणजे ७,५०० रुपये भरून, तीन महिने घाम गाळून, एक किलो. आणि तेही व्यायामानंतर लागलेल्या भुकेला एक घासही जास्त दिला नाही तर. हा कागदावरचा हिशेब आहे, शरीर इतक्या सरळ रेषेत चालत नाही, हे मला माहीत आहे. तरीही तो पाहून मी बराच वेळ गप्प बसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन किराणामालाची यादी पाहिली. आम्ही तीन माणसे, महिन्याला घाण्याचे शेंगदाणा तेल चार लिटर. म्हणजे माणशी रोज चव्वेचाळीस मिलिलिटर. ते अडीच लिटरवर आणले तर माणशी रोज सव्वाशेहून अधिक उष्मांक कमी होतात, काहीही न भरता, कोणतेही बूट न घालता.

फोडणी कमी करणे सोपे नव्हते. माझा हात आईचा आहे. कढईत तेल किती, हे तो मला विचारून ठरवत नाही. पहिल्या आठवड्यात पिठल्याला चव नाही म्हणून मुलाने ताट तसेच ठेवले, आणि आईने आबांच्या बाबतीत जे केले ते तिने का केले, हे मला त्या क्षणी पूर्ण उमगले. शेवटी मी एक पळी बदलली. कढईवर सरळ तेलाचे भांडे वाकवण्याऐवजी मिसळणाच्या डब्यातल्या लहान चमच्याने मोजून घालू लागले. वांग्याच्या भाजीवर तवंग दिसला नाही तरी ती वांग्याचीच भाजी असते, हे घरातल्या सगळ्यांना पटायला दोन महिने लागले. अडीच लिटरवर येणे अजून जमलेले नाही. पावणेतीनवर थांबलो आहोत.

दुसरीकडे त्या मुलीने सांगितलेली परीक्षा सुरू केली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सव्वासहा ते सव्वासात. हा तास कोणाचाही नाही, माझा आहे, असे घरात जाहीर केले, पण जाहीर केल्याने तास मोकळा होत नाही. पहिल्याच मंगळवारी सहा वाजून वीस मिनिटांनी दूधवाला आला, साडेसहाला सासूबाईंनी गोळी कुठली म्हणून विचारले, पावणेसातला डबा आठवला. हे त्यांचे चुकत होते असे नाही. मी दिसते आहे तोवर मला विचारले जाणारच. दुसऱ्या आठवड्यापासून मी घराबाहेर पडू लागले. पाऊस नसेल त्या दिवशी वेताळ टेकडीवर गेले. पुण्यातल्या माणसाला टेकडीचे कौतुक सांगण्याची गरज नाही. खाणीच्या कडेने जाताना ओल्या गवताचा वास, कुठूनतरी येणारी मोराची हाक, वर पोहोचल्यावर छातीत भरणारा वारा, हे जगातल्या कोणत्याही जिममध्ये मिळणार नाही. पण अंधुक उजेडात, चिखलाच्या वाटेवर, पुढेमागे कोणी नसताना मी दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होते, हेही तितकेच खरे आहे. टेकडी फुकट आहे असे पुरुष सहज म्हणतात. तिची किंमत आम्ही वेगळ्या पद्धतीने मोजतो.

बागेतल्या ओपन जिमचाही प्रयत्न केला. साडी नेसून, चपला काढून त्या निळ्या-पिवळ्या यंत्रांवर झुलणाऱ्या, माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाया पाहून मला फार बरे वाटले. त्या निदान घराबाहेर आहेत, आणि हसत आहेत. पण त्या यंत्रांवर वजन वाढवत नेण्याची सोय नसते. बहुतेक ठिकाणी आपल्याच शरीराचे वजन आपण ढकलत असतो, आणि काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होते.

याच काळात ऑफिसमधील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सांगितले, “आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, त्यांना कुठे जिम लागली?” हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा ऐकले आहे आणि पूर्वी मान डोलावली आहे. या वेळी डोलावली नाही. माझी आजी जात्यावर दळत होती आणि साठाव्या वर्षी तिला कमरेत वाकूनच चालता येत होते. तिचे ते श्रम होते, तिने ते निवडलेले नव्हते, त्यात विश्रांतीचा दिवस नव्हता आणि त्यानंतर तिच्यासाठी कोणी बदाम वाटत नव्हते. आबांच्या बैठका आणि आजीचे दळण या दोन्हींत घाम होता, पण एकाला खुराक होता आणि दुसऱ्याला उरलेसुरले होते. व्यायाम या शब्दात मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

सहा आठवड्यांत अठरा दिवस व्हायला हवे होते, तेरा झाले. वजन एक किलो चारशे ग्रॅम उतरले, कंबर ९४ सेंटिमीटरवरून ९२ वर आली. हे बहुतेक तेलाचे आणि रात्रीच्या भाताचे श्रेय, हे मला कळत होते. म्हणजे त्या मुलीचे म्हणणे बरोबर होते. वजनासाठी जिम लागत नव्हती. इथे प्रश्न मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण मधल्या काळात मी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल वाचले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात त्यांनी मधुमेहावर जे काम केले आहे ते जगभर माहीत आहे, आणि त्यातले एक छोटेसे टिपण माझ्या डोक्यात रुतून बसले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटनमधील सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना सारखे ठरवले होते. आपल्याकडची शरीरे बाहेरून बारीक दिसतात आणि आत चरबी बाळगतात, स्नायू कमी असतात, म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. माझा २८.८ होता. काट्यावर उतरलेल्या एक किलो चारशे ग्रॅमपैकी चरबी किती आणि स्नायू किती, हे मला ठाऊक नव्हते. नुसते खाणे कमी करून वजन उतरवले की त्याबरोबर थोडे स्नायूही जातात, आणि माझ्या वयात, पाळी जाण्याच्या आसपास, गेलेले स्नायू आणि हाडांची झीज सहज भरून येत नाही. ते टिकवायचे तर शरीराला ओझे उचलायला लावावे लागते, आणि ओझे हळूहळू वाढवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याच्या १५० मिनिटांच्या जोडीला निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. मी अर्जावर चुकीच्या चौकोनात खूण केली होती.

ऑक्टोबरात जिममधून फोन आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आल्याने वर्षाचे सभासदत्व सोळा हजारांत मिळेल, असे काउंटरवरचा मुलगा म्हणाला. मी एका दिवसाची चाचणी मागितली. ती ट्रेनर मुलगी होती. दारात बूट बदलताना मी खाली वाकले, तेव्हा माझा हात जमिनीला लागला. काळे रबर, खडबडीत, त्याला नव्या टायरसारखा वास. आबा आत पाऊल टाकण्यापूर्वी माती कपाळाला लावत. मी तसे काही केले नाही, पण हात मात्र क्षणभर तिथे राहिला. आतल्या आरशांची मला भीती वाटत होती. पहिल्या दहा मिनिटांत मी स्वतःकडे एकदाही पाहिले नाही. मग तिने माझ्या हातात दोन्ही बाजूंना छोट्या चकत्या लावलेली लोखंडी दांडी दिली, माझ्या पाठीवर दोन बोटे टेकवली आणि म्हणाली, “पाठ सरळ. श्वास सोडत उठा.” दांडी गार होती. उठताना मांड्या थरथरल्या, कानांत रक्ताचा आवाज झाला, आणि मी उभी राहिले. एकूण सतरा किलो. भाजीच्या पिशव्या, गॅसचा सिलिंडर, मुलगा लहान असताना तो, मी आयुष्यभर यापेक्षा जास्त उचलले आहे. पण उचलणे हेच ज्याचे प्रयोजन आहे, असे काही मी प्रथमच उचलले. मला रडू आले आणि ते घामात मिसळून गेले. शेजारी एक मुलगा आपली फेरी संपवून माझ्यासाठी बाजूला सरकला. त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली, ते मी टीव्हीवर पाहिले होते. तेव्हाही मला असेच रडू आले होते.

त्या रात्री आबांना फोन केला. पैशांचा आकडा ऐकून ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माती हाय का तिथं?” मी म्हटले, नाही आबा, रबर आहे. “हां.” पुन्हा शांतता. “आणि न्हाई गेलीस, तर हाक कोण मारतंय?”

आणि तेव्हा मला त्या अमेरिकन अभ्यासातली मघाची गोष्ट आठवली. ज्या गटाने ५८ टक्क्यांचा फरक करून दाखवला, त्यातील माणसांना नुसता सल्ला देऊन सोडले नव्हते. पहिल्या चोवीस आठवड्यांत एका मार्गदर्शकाबरोबर समोरासमोर बसून सोळा पाठ होते, नंतरही भेटी होत्या. कोणीतरी त्यांची वाट पाहत होते. आठवड्याला १५० मिनिटे आणि सात टक्के, एवढाच भाग लोक उद्धृत करतात. मीही तेवढाच लक्षात ठेवला होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गेले. जुलैचा अर्ज पर्समध्येच होता, घडीवर मऊ पडलेला, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग. नवा घ्या म्हणाले, पण मी तोच दिला. तीन महिन्यांचे पैसे भरले, वर्षाचे नाही. कारण जानेवारीनंतर मार्च येतोच आणि तो मला आता माहीत आहे. चौकोनातली जुनी खूण खोडली नाही, पाच किलो अजून उतरवायचेच आहेत. तिसऱ्या, ताकदीच्या चौकोनात दुसरी केली. मग त्या मुलीला बाजूला घेऊन म्हटले, “मी दोन वेळा लागोपाठ आले नाही, तर मला फोन करशील का? हे तुझ्या कामात बसत नसेल तर स्पष्ट सांग.” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग काउंटरखालून एक दोनशेपानी वही काढली. त्यात आधीच पाच-सहा बायकांची नावे होती, समोर तारखा, काही तारखांवर गोल केलेले. “हे ऑफिसचं नाही, मॅम, माझंच आहे,” ती म्हणाली आणि माझे नाव खाली लिहिले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाखेत ऑडिट होते. मंगळवार गेला, गुरुवारही गेला. गुरुवारी सकाळी पावणेआठला मी डब्यात पोळ्या भरत असताना फोन वाजला. हाताला पीठ लागलेले होते, म्हणून मुलाने फोन उचलून स्पीकर लावला.

“मॅम, मंगळवारी कुठे होता?”